आधी चेअरमन, मग दूध

मंडळी, आज घोडेगावचा बाजार, सगळ्यांनाच घाई, आणि आमच्या दूध संकलन केंद्रावर कॅनची रांग जागची हलेना. दूध संस्थेचे सचिव म्हणाले, "कॉम्प्युटरचं हे लिनक्स लई स्लो हाय."

दोष म्हणे लिनक्सचा! कॉम्प्युटर चालू होताच आपोआप काय काय उघडतं, ती यादी मी रांगेतून पुढं होऊन बघितली. भजनं, हवामान, क्रिकेट आणि संस्थेच्या चेअरमनच्या वाढदिवसाचा व्हिडिओ! दूध मोजायचा प्रोग्राम तेवढा यादीत नव्हता.

सगळं बंद केलं, दुधाचा प्रोग्राम यादीत टाकला आणि मशीन परत चालू केलं. लगेच मोजणी सुरू.

सचिवांचा चेहरा पडला. "साहेबांचा व्हिडिओ तेवढा ऱ्हाऊ द्या की."

"साहेब येतात का इथं?"

"न्हाई ओ, त्यांचं दूध खाजगी डेअरीला जातंय."

आणि आपण येडे रोज सकाळी कॅन धरून त्यांचा वाढदिवस बघतोय. तुमच्या गावात काही वेगळं आहे का?