लोटन फिटरच्या घरचा नळ

नगरपालिकेचा लोटन फिटर पाणीपट्टी थकलेल्यांचे नळ तोडायचा. पण पाना लावण्याआधी तो घरच्या बाईला हळूच सांगे, "अक्का, आजच साहेबांकडे अर्ज करा. हप्ते बांधून देतात, नळ वाचतो." असे कितीतरी नळ त्याने वाचवले.

छप्पन सालच्या उन्हाळ्यात यादीत त्याचंच नाव आलं. साहेबांपुढे उभं राहायची त्याला लाज वाटली. त्याने मुकाट्याने स्वतःच्या दारचा नळ तोडला आणि तोटी कचेरीत जमा केली.

बायको भागाबाई दोन दिवस शेजारच्या झुंबरबाईच्या नळावर घागरी भरत राहिली. तो नळ लोटननेच वाचवलेला. तिसऱ्या दिवशी ती कडाडली, "बठ्ठा गावले अर्ज कराले सांगतस, आन आपला कोन करी?" आणि तडक कचेरीत गेली.

साहेबांनी लगेच हप्ते बांधून दिले. म्हणाले, "आधी का नाही आलात, बाई? आता नळजोडणीची फी वेगळी पडेल."

जोडायला अर्थातच लोटनला पाठवलं. काम झाल्यावर नियमाप्रमाणे घरमालकाची सही हवी होती. ती त्याने स्वतःच केली आणि वर 'काम समाधानकारक' असा शेराही मारला.