टॅक्सेशन विदाउट प्रेझेंटेशन

लायब्ररीत मोठ्याने हसायला बंदी असते, म्हणून आमच्या वर्गातले किस्से जिरत नाहीत, साठत जातात. अमेरिकेतल्या आमच्या कॅरी गावच्या लायब्ररीतल्या एका खोलीत दर शनिवारी सकाळी मी आपल्या मराठी काका-काकूंकडून अमेरिकन नागरिकत्वाच्या परीक्षेची तयारी करून घेतो. प्रश्नोत्तरांच्या झेरॉक्स सगळे घरी विसरतात. किस्से मात्र कुणी विसरत नाही!

*

सुरुवात सुमनकाकूंपासून, कारण खरं टेन्शन त्यांचंच होतं. काकू मूळच्या वेंगुर्ल्याच्या, वय अठ्ठ्याहत्तर, इथे मुलाकडे राहतात. थोरली बहीण, अक्का, तिकडे अंथरुणाला खिळलेली. काकूंना तिच्याजवळ जाऊन राहायचं होतं, अगदी शेवटपर्यंत. पण ग्रीन कार्डवर फार दिवस बाहेर राहिलं की परत येताना पंचाईत. म्हणजे वेंगुर्ल्यात निवांत राहता यावं म्हणून काकूंना अमेरिकेचं नागरिक व्हायचं होतं!

पहिल्या इंटरव्ह्यूत त्या नापास झाल्या. मला वाटलं, रडत बाहेर येतील. आल्या त्या तणतणत.

"कसलं मेलं ऑफिस! एवढ्या लांबून गेले, साधा चहासुद्धा विचारला नाही!"

अडल्या होत्या एकाच प्रश्नावर. इथले लोक ब्रिटिशांशी का लढले? दुसरी संधी शेवटची. तीही गेली तर अर्जापासून सगळं पुन्हा, आणि अक्कांकडे तेवढा वेळ नव्हता.

*

मग मी तो प्रश्न सगळ्यांनाच सविस्तर शिकवायला घेतला. प्रभाकरकाका नागपूरचे, उभा जन्म रजिस्ट्री ऑफिसात गेलेला.

"ब्रिटिशांनी इथल्या कागदपत्रांवर स्टॅम्पची सक्ती केली," मी सांगितलं. "करारपत्र, वर्तमानपत्र, पत्त्यांचा कॅटसुद्धा. लोक भडकले आणि स्टॅम्प वाटणाऱ्यांच्या घरांवर चालून गेले."

"काय सांगून राहिला!" काकांचा चेहरा उतरला. "अन् मग?"

"मग कायदा मागे घेतला."

काका म्हणाले, "आमच्याकडे लोक स्टॅम्प पेपरसाठी लाइन लावत. संपला म्हटलं तर हात जोडत."

पुढच्या शनिवारी त्यांनी पिशवीतून एक कोरा स्टॅम्प पेपर काढून दाखवला. नागपूरहून येतानाच आणलेला. म्हणाले, "परका देश आहे, असू द्यावा जवळ."

*

चहावरच्या कराचा धडा सगळ्यात लवकर संपला. लोकांनी चिडून चहाच्या पेट्याच्या पेट्या समुद्रात फेकल्या, एवढं ऐकून काकूंनी वही मिटली.

"आत्ता कळलं! तेव्हापासूनच इथे कुणी कुणाला चहा विचारत नाही."

*

ब्रिटिश सैनिकांच्या राहण्याची सोय लोकांच्या गळ्यात मारली जायची, हेही एक कारण परीक्षेत चालतं.

"किती दिवस राहत?" प्रभाकरकाकांनी विचारलं.

"महिनोन्महिने."

काका मुलीकडे सहा महिन्यांसाठी आले होते, त्याला आता सहावं वर्ष लागलंय. त्यांनी दाराकडे पाहिलं, आवाज खाली आणला.

"हा प्रश्न आमच्या जावयाला शिकवू नको बरं."

*

एकदा मी जोशात येऊन फळ्यावर लिहिलं, प्रतिनिधित्व नाही तर कर नाही. काकांनी हात वर केला.

"तू टॅक्स भरतो?"

"भरतो."

"व्होट देतो?"

"नाही हो काका. चौदा वर्षं व्हिसावर आहे. अजून ग्रीन कार्डच्याच लाइनीत."

काकांनी फळ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मग तू कधी लढणार?"

"पुढच्या महिन्यात," मी म्हटलं. "व्हिसा रिन्यू झाला की."

*

काकूंचं घोडं मात्र त्याच घोषणेच्या इंग्रजीत, 'रिप्रेझेंटेशन' या शब्दावर अडलं ते अडलंच. त्या म्हणायच्या, "नो टॅक्सेशन विदाउट प्रेझेंटेशन." सोबत आलेली नात इरा वैतागली.

"आजी, इट्स रि-प्रेझेंटेशन!"

"तेच म्हणतेय मी. तुझे बाबा रोज प्रेझेंटेशन देतात, तरी टॅक्स कापतातच ना?"

आम्ही तोंड दाबून हसलो. काकू हसल्या नाहीत. त्यांनी झेरॉक्स टेबलावर ठेवली.

"आमचे वडील, दादा, मिठावरच्या कराविरुद्ध तुरुंगात गेले. त्यांना नाही लागला एवढा लांब शब्द. मूठभर मीठ उचललं आणि गेले."

मी झेरॉक्स परत त्यांच्या हातात दिली.

"काकू," मी म्हटलं, "नुसतं 'टॅक्स' म्हणा. तेवढ्यावर मार्क मिळतो."

*

दुसऱ्या इंटरव्ह्यूला मुलाची मीटिंग होती, म्हणून मी ड्राइव्ह केलं. काकू वाटभर "टॅक्स, टॅक्स" असा जप करत होत्या. तासाभराने बाहेर आल्या आणि हातातला कागद माझ्यापुढे धरला. पास! मी पार्किंग लॉटमध्येच त्यांच्या पाया पडलो.

"तो प्रश्न आला?"

"आला ना. आणि बोबडीच वळली माझी. टॅक्स आठवेना, दादाच आठवले. म्हटलं, 'सॉल्ट.'"

"अरे देवा! मग?"

"साहेब बघतच राहिला. मी म्हटलं, 'सॉल्ट टॅक्स. माय फादर, जेल.' मग त्याने पेन खाली ठेवलं. 'करेक्ट' म्हणाला. मग हसून हळूच म्हणाला, 'देअर, सॉल्ट. हिअर, टी, मॅम.'"

"तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, 'नो, थँक्यू. घरून घेऊनच निघाले.'" काकूंनी सीट बेल्ट लावला. "अक्काला फोन लाव रे. तिला सांगते, येतेय म्हणून. आणि हेही सांगते, या खेपेला चहा विचारला हो!"