नंदू दोन ठिकाणी

बावड्याच्या सुयोगला परिषदांचं भारी वेड. आरोग्य आणि तंत्रज्ञान हे शब्द एका फलकावर दिसले, की स्वारी निघालीच. पुणे, नाशिक, एकदा तर थेट हैदराबाद. गळ्यात नावाची पट्टी अडकवायची, सगळे स्टॉल पालथे घालायचे आणि भेटेल त्याला आपलं ॲप दाखवायचं. पेशंट एका दवाखान्यातून दुसऱ्यात गेला तरी त्याची माहिती सोबत जावी, असं ते ॲप. पुण्याची नोकरी सोडून तीन वर्षं तो त्यातच खपत होता. लोक वा वा म्हणायचे, कार्ड द्यायचे आणि जेवणाच्या रांगेकडे वळायचे. घरी येताना हातात काय, तर परिषदेची कापडी पिशवी. त्या पिशव्यांतून आई बाजार आणायची आणि शेजारणींना सांगायची, "सुयोगच्या कंपनीच्या हायत." कंपनी म्हणजे तो एकटाच, हे बिचारीला कोण सांगणार!

वडील झुंबरआबा मात्र टेकीला आले होते. त्यांनी पाव्हण्यांना गळ घालून वालचंदनगरला एका वर्कशॉपात त्याची नोकरी पक्की केली.

"ह्या पुण्याच्या सभंला जाऊन ये," ते म्हणाले. "एखादा दवाखाना लागला हाताला तर बरं. न्हायतर सोमवारी कामावर जायाचं."

सुयोग कबूल झाला. दुसरं करणार काय? बावड्यातला एक आणि बारामतीतला एक, असे दोनच डॉक्टर ते ॲप वापरत होते, तेही फुकट आणि ओळखीखातर.

परिषदेच्या आदल्या दिवशी बहीण राजनंदिनीचं, म्हणजे नंदूचं, डोकं दुखू लागलं. चेहराही सुजला होता. पहिलं बाळंतपण म्हणून ती बारामतीहून माहेरी आली होती. सुयोग तिला घेऊन गावातल्या डॉक्टरांकडे धावला. बीपी भलतंच वाढलं होतं. आधी काही त्रास होता का, गोळ्या चालू होत्या का, हे डॉक्टरांनी ॲपमध्ये पाहिलं. तिथं काहीच नव्हतं!

सुयोगनं तिथंच मोबाइल काढला. त्यानं बारामतीच्या डॉक्टरांना फोन लावला. बीपीच्या गोळ्या तर कधीच्या चालू होत्या. ताकदीच्या असतील असं समजून नंदू त्या सासरीच ठेवून आली होती. उपचार लगेच सुरू झाले आणि संध्याकाळपर्यंत बीपी उतरलं. मग सुयोगच्या डोक्यात प्रकाश पडला. बारामतीत तिची नोंद नवऱ्याच्या नावानं आणि नवऱ्याच्या मोबाइलवर. बावड्यात आल्यावर नोंद केली ती खुद्द सुयोगनं, वडिलांचं नाव लावून आणि स्वतःचा मोबाइल देऊन. गावात सगळे तिला त्याच नावानं ओळखतात, त्याला वेगळं सुचलंच नाही. ॲपच्या लेखी त्या दोन वेगळ्या बाया होत्या.

दुसऱ्या दिवशी पुण्यात त्याला बोलायला पाच मिनिटं मिळाली. पाठ केलेलं इंग्रजी भाषण त्यानं खिशातच ठेवलं.

"माझ्या ॲपनं माझी सख्खी बहीण हरवली," तो मराठीतच म्हणाला. आधी लोक हसले. मग त्यानं आदल्या दिवशीचं सगळं सांगितलं. "लेक बाळंतपणाला माहेरी येते, हे मला ठाऊक नव्हतं का? गाडी घेऊन तिला आणायला मीच गेलो होतो. तरी ॲपमध्ये माहेराला जागा ठेवली नाही."

खाली उतरताना त्याला वाटलं, संपलं. आपलाच माल खोटा म्हणणाऱ्याला कोण विचारणार? पण दाराशी एका बाईंनी त्याला थांबवलं. इंदापूरला त्यांचं प्रसूतिगृह होतं. नाव डॉक्टर संजीवनी.

"माझ्याकडच्या निम्म्या बाया आठव्यात माहेरी जातात, तितक्याच दुसरीकडून माझ्याकडे येतात," त्या म्हणाल्या. "कुणाचेच कागद सोबत नसतात. सोमवारपासून माझ्याकडे येऊन बसा आणि हे दुरुस्त करा. फुकट नको बरं का, रीतसर ठरवून."

सुयोगनं घरी येऊन हे सांगितलं, तेव्हा आबा उठले. ओसरीवर जाऊन त्यांनी पाव्हण्यांना फोन लावला.

"सोमवारी पोरगं येत न्हाय. दवाखान्यात जायाचंय त्याला." पलीकडून काळजीनं काहीतरी विचारलं गेलं असावं. "आजारी न्हाय वो! कामाला चाललाय. त्याचं सोताचं काम हाय तितं."

तीन वर्षांत आबांनी त्या ॲपला काम म्हटलेलं सुयोग पहिल्यांदाच ऐकत होता.