पूजेतली पक्कड

आमच्या बेंगळुरूतल्या राजाजीनगरच्या घरात आयुधपूजेला माझं राज्य असतं. आमचे पूर्वज साडेतीनशे वर्षांपूर्वी इकडे आले, आमची मराठी निम्मी कन्नडात विरघळली, पण खंडेनवमीला हत्यारं पुजायची म्हणजे पुजायचीच.

गेल्या वर्षी मी अण्णाच्या नावेतली हत्यारांची पेटीही घरी आणवली. अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ. सत्तरीचा, बिनलग्नाचा, आमच्याकडेच राहतो. जन्म कारखान्यात टूलमेकर म्हणून गेला आणि निवृत्तीनंतर या गृहस्थानं शिडाची नाव घेतली! बेंगळुरूत समुद्र कुठला? शहराबाहेरच्या तळ्यावर ती असते. पेटीत पक्कड, पान्हे, स्क्रूड्रायव्हर, हातोडी, तार कापायची कात्री, शिडाला टाके घालायची जाड सुई.

"पाण्यात दुकान नसतं गं. पेटी नावेतून हलवायची नसते," तो कुरकुरला. मी ऐकते होय? सगळं घासूनपुसून देवापुढे मांडलं, कुंकू लावलं, झेंडू वाहिला आणि बजावलं, "उद्या मी अक्षता टाकेपर्यंत कुणी हात लावलात तर याद राखा!"

दसऱ्याला सकाळीच दूध उतू गेलं, मिक्सर बंद पडला. मी दिसेल त्याच्यावर डाफरत होते. अण्णा हळूच म्हणाला, "येतेस का तळ्यावर? स्वल्प वारा लागेल डोक्याला." निघाले रागारागात. गाडीत पेटी दिसली. अक्षता टाकायच्या राहिल्यात, हे माझ्या डोक्यातच नव्हतं.

तळ्याच्या मध्यावर वारा एकदम वाढला आणि काहीतरी कडाडलं. डोलकाठीला दोन्ही बाजूंनी ताणून धरणाऱ्या पोलादी तारा असतात. त्यातल्या एका तारेच्या बुडाची खीळ अर्धी बाहेर आली होती. तिला अडकवणारी बारीक कडी तुटली होती. खीळ निसटली असती तर ती एवढी डोलकाठी थेट अण्णाच्या डोक्यात!

"शिडाची दोरी सोड! पक्कड दे!" तो ओरडला. मी दोरी सोडली, पेटी उघडली. आत दोरखंड, नांगराची साखळी आणि चिकटपट्टी. बस्स. पक्कड नाही, हातोडी नाही, काही नाही. पायाखालची जमीन सरकते म्हणतात, इथे जमीनसुद्धा नव्हती. देवापुढचा झेंडू डोळ्यांसमोर आला. अगबाई, मीच मारलं याला! तोंडातून शब्द फुटेना. माझ्या तोंडातून, विचार करा!

अण्णा तळहाताच्या बुडानं त्या खिळीवर ठोसे मारत होता. एक, दोन, कितीतरी. हात फाटला, रक्त आलं, पण खीळ आत गेली. "आता काहीतरी अडकव भोकात. लवकर!" माझ्या बांगडीला नेहमी सेफ्टी पिना लोंबकळत असतात. मोठ्यातली मोठी काढून भोकातून ओवली, मिटवली, वर चिकटपट्टी गुंडाळली. शीड उतरवून वल्ह्यानं काठाला लागेस्तोवर माझी नजर त्या पिनेवरून हलली नाही.

काठावर मी त्याच्या हाताला पदर गुंडाळत रडायलाच लागले. "मी विसरले रे अण्णा. मला वाटलं, हत्यारं आत आहेत. तू तरी निघताना बघायचंस ना!"

"बघितलं होतं," तो म्हणाला.

"रिकामी पेटी घेऊन आलास? पूजेतली पक्कड उचलायला काय झालं होतं?"

"तू हात लावू नका म्हणालीस."

"मग मला आठवण करून द्यायचीस!"

"सकाळपासून चिडलेली होतीस. म्हटलं, कशाला."

एवढंच बोलला, तेही सहज. मी केवढी धसकले! साठी उलटली माझी, आणि पाण्यावर न घाबरणारा माझा भाऊ घरात माझ्या तोंडाला भिऊन गप्प बसतो, हे मला त्या दिवशी कळलं.

घरी येऊन अक्षता टाकल्या. पक्कड मी स्वतः पेटीत ठेवली. अण्णाच्या हाताला टाके पडले होते. दुसऱ्या हातानं तो चहा पीत होता, साखर घालायला मी विसरले होते, आणि त्यानं सांगितलं नव्हतं.