परतीच्या तिकिटाची अट

मोठा भाऊ गेला तो लांबच्या एका बेटावर. नकाशात बोट ठेवलं की झाकून जातो एवढाच देश. तिथल्या हॉटेलच्या होडीवर कामाला होता. होडी सापडली, भाऊ सापडला नाही. मग आम्ही तासगावात दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी दिला आणि दहाव्याला पिंड मांडला.

कावळा शिवेना. समोरच्या बाभळीवर कावळेच कावळे, पण एक खाली उतरेल तर शपथ. तुझ्या बायकोला सांभाळतो म्हटलं, द्राक्षबागेतला वाटा तिच्या नावावर करतो म्हटलं. भाऊबंद माझ्याकडं असे बघायला लागले, जणू मीच त्याचं काही खाल्लंय. शेवटी वैतागून म्हणालो, "बरं बाबा, तू ऱ्हायलास ती जागा बघायला येतो आमी." वहिनी शेजारीच हात जोडून उभी होती. कावळा सरळ खाली उतरला.

शब्द दिला म्हणजे दिला. मी, माझी बायको आणि वहिनी, असे तिघं जायचं ठरलं. वहिनीला घेऊन सांगलीच्या तिकीटवाल्याकडं गेलो. तो पाढे म्हटल्यासारखा बोलत होता. व्हिसा तिथं उतरल्यावर मिळतो. पासपोर्टची मुदत सहा महिने तरी शिल्लक पाहिजे. नळाचं पाणी पिऊ नका. माती, बियाणं, फळं नेऊ नका, विमानतळावर काढून घेतात.

"घरचा बेदाणा चालंल का?" मी विचारलं.

"तिथं उतरल्यावर आधी दाखवा. चालत नसंल तर ते सांगतील."

वहिनीनं एकच विचारलं. "परतीचं तिकीट लागतंच का?"

"लागतं. त्याशिवाय आत घेत न्हाईत. पण ते दाखवण्यापुरतं. एकदा आत गेलात की कोण विचारतंय?"

वहिनी हसली. भाऊ गेल्यापासून पहिल्यांदाच. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी सामान बांधत होतो. बायकोच्या बॅगेची चेन लागेना, आणि वहिनीच्या बॅगेत एकच साडी. हिरवी, लग्नातली.

"वहिनी, आठ दिवस ऱ्हायचंय. एवढ्यात कसं भागंल?"

"भावजी, कावळा तुमच्या बोलण्यावर उतरला असं वाटतंय व्हय तुमाला?" तिनं साडीची घडी नीट केली. "तुमी म्हणलासा, बघायला येतो. मी मनात त्यास्नी म्हणलं, मी ऱ्हायलाच येते तुमच्यापाशी. तवा उतरला."

"परतीचं तिकीट काढलंय तुमचं," मी म्हणालो.

"ते दाखवण्यापुरतं असतं."

मी जाणंच रद्द केलं. तिचा पासपोर्ट माझ्या कपाटात आहे, किल्ली माझ्या कमरेला. मेलेल्याला दिलेला शब्द मोडला म्हणून भावकी नावं ठेवते. ठेवू दे.

पण रोज सकाळी बेदाण्याच्या शेडवर एक कावळा येऊन बसतो. खाली दाणे वाळत असतात, त्यांना चोच लावत नाही. वहिनी अंगण झाडता झाडता वर बघते आणि माझ्यादेखत त्याला सांगते, "जरा दम धरा. भावजी सोडंनात."