नागपूरच्या उन्हाळ्यात वाढलेली दलदल

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मी नागपुरात बसून उत्तरेकडच्या बर्फाळ देशांतल्या दलदलींवर संशोधन करत होते. ऐकणारा आधी हसायचा, मग मला ऊन तर लागलं नाही ना, हे बघायचा. विषय माझ्या मार्गदर्शक सरांचा. ते एकदा परदेशात तसल्या दलदलीत गुडघाभर रुतले होते आणि मनाने अजून तिथेच होते. तिथे शेवाळ मरतं, पण पुरतं कुजत नाही. थरावर थर चढून हजारो वर्षांत दोन माणसं बुडतील एवढं साचतं. ते आम्हाला कॉम्प्युटरवर वाढवून दाखवायचं होतं.

वाढत मात्र नव्हतं. आमचं गणित भोकांनी उतरवलेल्या पंच कार्डांचा गठ्ठा घेऊन, दाराशी चपला काढून मी मशीनच्या गारठलेल्या खोलीत जायचे आणि दर वेळी वीतभर दलदल घेऊन परतायचे. शिष्यवृत्ती संपत आली होती. "या खेपेला वाढली नाही, तर विषय बदलू," सर म्हणाले. त्यांचं तोंड इतकं उतरलं होतं की मला वाद घालवेना.

मे महिन्यात कॉलेजच्या बागेतला हौद उपसला, तेव्हा तळाशी आमचीच एक जाळीची पिशवी सापडली. पानं किती वेगाने कुजतात हे बघायला आम्ही अशा पिशव्या मातीत पुरायचो. ही पाण्यात पडून हरवली होती. मातीतल्या पानांची केव्हाच माती झाली होती. या पिशवीतल्या सागाच्या पानाची मात्र शीर न् शीर शाबूत! मला हसूच फुटलं. थंडीचा हिशेब आम्ही चोख घातला होता, पण पाण्याखाली गेलेल्या थराला हवा मिळत नाही, हे डोक्यातच आलं नव्हतं. आम्ही पडलो नागपूरकर, सगळं तापमानावर ढकलून मोकळे.

पाण्याखालच्या थराला कुजण्याचा वेगळा, संथ वेग देऊन कार्डं पुन्हा चढवली. प्रिंटर खडखडू लागला. एक ओळ म्हणजे एक शतक, आणि दर ओळीत थराची जाडी दाखवणारी फुल्यांची रांग आधीपेक्षा लांब. बाहेर डांबर वितळत होतं आणि इथे, कधी न पाहिलेल्या देशातली हजारो वर्षं माझ्या अनवाणी पायांपुढे साचत होती. अंगावर काटा आला, आणि तो एसीचा नव्हता.

एरवी पुस्तकी मराठी बोलणारे सर माझ्या शेजारी उभे राहून ओरडले, "अवं, हे तं वाढून राहिलं!" मग त्यांनी कागद हातात घेतला. "यात आपण कुठी आहो?"

"शेवटच्या फुलीत, सर. दोघंही."

त्यांनी त्या फुलीवर बोट ठेवलं. बोटाखाली ती पुरती झाकली गेली.

"मंग विषय कायले बदलायचा वं? एवढ्याशा फुलीत तेवढी जागाच कुठी आहे?"