मानाच्या पानावरून उठताना

सत्तरी ओलांडली तरी खरी लाज कशी असते ते मला माहीत नव्हतं. ती नेरे गावात, पत्रावळीसमोर मांडी घालून बसलेलो असताना कळली.

धाकट्या बहिणीच्या नव्या घराची वास्तुशांत होती. आम्ही नवराबायको पनवेलहून रिक्षाने गेलो. अंगणात मांडव, खाली सतरंज्या, आणि एका कडेला टेबल-खुर्ची मांडलेली. बहीण पुढे आली. "दादा, तुज्यासाठी खुर्ची हाय बघ."

माझं डोकंच फिरलं. चार लोकांत मला खुर्ची! "ती म्हाताऱ्यांना दे," मी म्हणालो, तेही तिच्या व्याह्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. बायकोने डोळे वटारले. मी तिकडे बघितलंच नाही.

ती डोळे वटारणारच, कारण डॉक्टरांकडे मला तिनेच नेलं होतं. मी रिक्षात चढताना दांडा धरतो, पलंगावरून उठताना भिंत धरतो, सगळं तिने तिथे सांगून टाकलं. डॉक्टर म्हणाले, वयाबरोबर मांड्यांचे स्नायू झिजतात, त्यांना काम दिलं नाही तर आणखी झिजतात. रक्तवाहिन्याही आता कडक झाल्यात. म्हणून वरचं प्रेशर चढतं आणि खालून झटकन उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. रोज खुर्चीतून हात न टेकता उठायचं-बसायचं, जेवणात डाळ-अंडी वाढवायची. मी घरी येऊन हसलो. "उठाबशा काढायला मी काय शाळेत आहे?" अहो, जन्म बसडेपोत गेला माझा. बसचं चाक एकट्याने चढवायचो. आणि हा कालचा पोरगा मला उठायला शिकवणार!

खाली बसताना काही वाटलं नाही. बसायला काय लागतं, शेवटी आपटलो तरी बसलोच. जेवण झकास होतं. वालाचं बिरडं तर मी दोनदा मागून घेतलं.

आमच्याकडे मानाच्या पानावरचा माणूस उठल्याशिवाय पंगत उठत नाही. मानाचं पान माझं होतं. सगळ्यांची जेवणं आटोपली, माणसं माझ्याकडे बघायला लागली. मी हात जमिनीला टेकून रेटा दिला. मांड्या जागच्या हलेनात. पुन्हा रेटा दिला. छे! मग मी काय केलं असेल? वाढणाऱ्याला हाक मारली आणि भात मागितला.

"मामा आज रंगात हायत," कोणीतरी म्हणालं. हशा पिकला. मीही हसलो, मेल्याहून मेल्यासारखा. पोट तट्ट फुगलेलं, तरी भात चिवडत बसलो. मग ताक मागितलं. पंगतीतल्या माणसांचे हात वाळून गेले. आमच्यानंतर बायकांची पंगत होती, त्या मांडवाच्या कडेला ताटकळत उभ्या होत्या. बहीण पूजेला बसलेली, सकाळपासून उपाशी. मांडवाच्या खांबाला टेकून ती माझ्याकडेच बघत होती. मला वाटलं, भुकेने वैतागली असेल, मनात शिव्या घालत असेल मला.

शेवटी देवाचं नाव घेऊन एक गुडघा टेकवला आणि अंग वर खेचलं. डोळ्यांपुढे काळोख आला. धप्पकन मागे बसलो, आणि उष्टा हात पडला तो थेट शेजारच्या व्याह्यांच्या पत्रावळीत.

बहीण ताडताड आली आणि माझ्यासमोर फतकल मारून बसली. "तुमी सगले उठा, हात धुवा. मला दादाशी बोलायचं हाय."

आणि उठले हो सगळे! रीत मोडली म्हणून एकाने तोंड उघडलं नाही. उलट एकेक जण माझ्याकडे न बघता बाजूने निघून गेला. म्हणजे सगळ्यांनाच कळलं होतं, भात मागितला तेव्हापासूनच. त्या क्षणी जमिनीने पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं.

पंगत रिकामी झाल्यावर ती म्हणाली, "धर मला." बगलेत हात घालून तिने मला उभं केलं. अंधारी ओसरेपर्यंत तशीच धरून राहिली.

मग बायकांची पानं मांडली गेली. ती खाली बसेल असं मला वाटलं. सकाळपासून पाटावर बसून पूजा केलेली बाई, अजून भाताची लावणी करते, तिला कसली अडचण? पण ती सरळ माझ्यासाठी मांडलेल्या त्या खुर्चीकडे गेली, तिच्यात बसली आणि साऱ्या मांडवाला ऐकू जाईल अशी ओरडली, "माजं पान इथं आणा गो! माज्यानं नाय खाली बसवत. म्हातारी झाले मी."

बायका खदखदून हसल्या. हात धुऊन आलेले पुरुषही हसले. मी खांबाला धरून उभा होतो, आणि आता सगळे तिला हसत होते.